क्लिंगॉनांचं कपाळ आणि भाचीची वही

परवा रात्री साडेअकराला भाचीचा मेसेज आला, ‘मावशी, मी उगाच वेळ घालवतेय का गं?’ खाली एक लांबलचक फॉरवर्ड. ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन अंतराळ-मालिकांमधल्या आणि चित्रपटांमधल्या क्लिंगॉन या परग्रहावरच्या जमातीची म्हणे पोलखोल! क्लिंगॉनांची कपाळं का बदलली ते कुणी कधी सांगितलंच नाही. रक्ताचा रंगसुद्धा एक नाही. पहिल्या दिवसापासून शब्दाला जागणारे हे योद्धे, त्यांची वाट लावली ती २०१७च्या मालिकेनं. आणि त्यांची भाषा? नटांनी घसा खरवडून काढलेले वाट्टेल ते आवाज.

भाची गेले चार महिने डुओलिंगोवर हीच भाषा शिकतेय, त्यासाठी वेगळी वही घातलीय. म्हणून शेवटचा मुद्दा आधी घेते.

वाट्टेल ते आवाज? १९७९च्या पहिल्या चित्रपटातले मोजके क्लिंगॉन शब्द जेम्स डूहान या नटानं, म्हणजे मूळ मालिकेतल्या यानाच्या इंजिनिअरनं, आपल्या स्कॉटीनं रचले होते, तेवढ्यापुरतं ठीक. पण १९८४च्या तिसऱ्या चित्रपटासाठी मार्क ओक्रँड या भाषाशास्त्रज्ञाकडे काम गेलं. त्यानं ते जुने शब्द टाकले नाहीत, त्यांच्याभोवती अख्खं व्याकरण उभं केलं, आणि १९८५ साली क्लिंगॉनचा कोशच छापून आला. फॉरवर्ड लिहिणाऱ्यानं त्यातलं उच्चारांचं प्रकरण जरी चाळलं असतं तरी पुरे होतं. इंग्रजी बोलणाऱ्यांना जो आवाज जीभ मागे वळवून कसा काढायचा हे समजावून सांगावं लागतं, तो आहे आपला ड. भाची तो पोहे खाताखाता काढते. जीभ त्याच जागी नेऊन काढायचा दुसरा आवाज म्हणजे जवळजवळ पोटफोड्या ष. आपण बोलताना त्याचा कधीच श करून टाकला, क्लिंगॉनांनी मात्र जपलाय! आणि गंमत अशी, की ड आहे पण त्याच्या जोडीचा ट नाही. माणसांच्या भाषांत आवाज सहसा असे लंगडे राहत नाहीत. भाषा परकी वाटावी म्हणून ओक्रँडनं मुद्दाम केलेली ही खोडी आहे.

वाक्याचंही तेच. ‘पुक़ लेग़ याष’. पुक़ म्हणजे पोर, लेग़ म्हणजे पाहणं, याष म्हणजे अधिकारी. अर्थ: अधिकारी पोराला पाहतो. आधी कर्म, मग क्रियापद, कर्ता शेवटी. मराठीत ‘पोराला’मधला ‘ला’ लागला की शब्द कसेही फिरवा, अर्थ हलत नाही. क्लिंगॉनमध्ये कर्माला असा ‘ला’ नाही, क्रमच सगळं ठरवतो. पोर आणि अधिकारी यांची अदलाबदल केलीत की पोर अधिकाऱ्याला पाहायला लागतं. घसा खरवडून हे होत नाही हो.

आता कपाळ. बदललं, हे उघड आहे. १९६७ साली मूळ मालिकेत क्लिंगॉन पहिल्यांदा आले तेव्हा मेकअप म्हणजे काळपट रंग, भुवया आणि दाढीमिशा. पैसे तेवढेच होते. १९७९ साली चित्रपटाचं बजेट मिळालं आणि कपाळावर हाडांचे उंचवटे आले. १९९४ साली तर ‘डीप स्पेस नाइन’ या पुढच्या मालिकेत मूळ मालिकेतले तीन क्लिंगॉन त्याच तीन नटांनी पुन्हा केले, या खेपेला उंचवट्यांसकट, आणि त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही. इथे फॉरवर्डवाल्याला अर्धे गुण देते. पण ‘कुणी कधी सांगितलंच नाही’? १९९६ साली त्याच मालिकेत वॉर्फला, म्हणजे माणसांच्या बाजूनं काम करणाऱ्या क्लिंगॉन अधिकाऱ्याला, समोरासमोर हा प्रश्न विचारला गेला आणि आम्ही परक्यांपाशी हा विषय काढत नाही, असं म्हणून त्यानं तो उडवून लावला. पुढे २००५ साली ‘एंटरप्राइझ’ या मालिकेनं दोन भाग खर्चून उत्तर दिलं: माणसाची सुधारित जनुकं वापरून महायोद्धे घडवायचा क्लिंगॉनांचा प्रयोग फसला, साथ पसरली, उपचारानं जीव वाचले पण उंचवटे गेले. ओढूनताणून आणलेलं आहे, कबूल. पण उत्तर आहे.

शब्दाला जागणारे योद्धे पहिल्या दिवसापासून? छे. क्लिंगॉनांच्या पहिल्याच भागात कोर हा त्यांचा सेनापती ऑर्गानिया ग्रह बळकावतो आणि ओलिसांना मारायचे हुकूम सोडतो. उमदा शत्रू पाहायचा तर १९६६चा रोम्युलन या दुसऱ्या परग्रही जमातीचा कमांडर पाहा. क्लिंगॉनांची घराणी, त्यांच्या इभ्रतीची भांडणं हे सगळं बहुतेक वॉर्फ आल्यावरचं, म्हणजे १९८७ नंतरचं.

रक्त १९९१च्या चित्रपटात गुलाबी आणि एरवी लाल. याला माझ्याकडे बचाव नाही.

२०१७चे टकले क्लिंगॉन मलाही आवडले नाहीत. पण मोडतोड तिथून सुरू झाली म्हणणाऱ्यानं १९७९ आणि १९८४ची कपाळं शेजारी ठेवून बघावीत, तीसुद्धा एकसारखी नाहीत. शिवाय २०१९ला केस परत आलेच. म्हणे युद्ध होतं म्हणून भादरले होते!

एवढं सगळं भाचीला टाइप करून पाठवलं. उत्तरादाखल व्हॉइस नोट आली, ‘पुक़ लेग़ याष’. ड नसलेलं वाक्य निवडलंन, लबाड. क़ अजून साधा क-च येतोय आणि क्लिंगॉनमध्ये साधा क नाहीच. उद्या फोनवर ऐकवते.