आभार मानायचं काम माझ्याकडे होतं

आमच्याकडे 28 फेब्रुवारी, म्हणजे राष्ट्रीय विज्ञान दिन, आला की अख्खा आठवडा सकाळी व्याख्यान आणि दुपारी चर्चासत्र. मी पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला, म्हणजे डिपार्टमेंटमधला सगळ्यात फुकटात मिळणारा माणूस, त्यामुळे सातही दिवस आभारप्रदर्शन माझ्या गळ्यात. लोक म्हणतात दोन मिनिटांचं तर काम! अहो पण त्या दोन मिनिटांसाठी अडीच तास जागं राहावं लागतं, तेही पहिल्या रांगेत.

पहिल्या दिवशी समई पेटेना. सर कुजबुजले, "पंखा बंद कर रे," तर कुणीतरी धावत जाऊन लाइट घालवले, पंखा आपला गरगर चालूच. त्या अंधारात पाहुण्यांनी सहा काड्या जाळल्या. शेवटी सिपाई मामा आले, तळव्याचा आडोसा धरून एका काडीत वात लावली आणि चहाच्या किटलीकडे परत गेले.

आता दिवस शास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांच्या शोधाचा म्हटल्यावर रोज वेगळे पाहुणे आणि रोज तीच बोट. 1921 साली रामन ऑक्सफर्डच्या परिषदेहून परत येत होते, भूमध्य समुद्राचा निळा रंग बघून विचारात पडले, मुंबई बंदरात बोट लागेपर्यंत 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकाला पाठवायचं टिपण तयार, आणि मग 28 फेब्रुवारी 1928 चा तो 'रामन परिणामा'चा शोध, म्हणजे पदार्थातून विखुरताना थोड्या उजेडाचा रंग बदलतो तो. मला त्यात एवढंच दिसायचं की माणसाला सुचलं ते परिषदेहून परत येताना, परिषदेत नाही. हे आभारात बोलायची फार खुमखुमी होती पण गाइड समोर बसलेले. चर्चासत्रात तर माझ्या पेपरला दहा मिनिटं होती, आधीच्यांनी खाऊन चार उरली, त्यातली दोन पेनड्राइव्ह उघडण्यात गेली.

सातव्या दिवशी पाहुण्यांनी विचारलं, "समुद्र निळा का दिसतो?" पहिल्या वर्षाची पोरं, प्रॅक्टिकलमधून उचलून आणलेली, मोबाइलमध्ये गुंग. एकजण म्हणाला, "आकाशाचं प्रतिबिंब."

"नाय नाय," दारातून आवाज आला. किटली हातात घेऊन मामा. "पाणी सोताच तांबडा उजेड गिळतंय अन् निळा विखुरतंय. नुसतं आकाशाचं प्रतिबिंब नाय ते."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मी उठलो, कुलगुरूंपासून मांडववाल्यापर्यंत सगळ्यांचे आभार मानले आणि खाली बसल्यावर लक्षात आलं की मामा राहिले.

त्या दिवशी मला चहा अर्धाच कप मिळाला.