गोव्यात काही पिकत नाही?

सध्या एक मजकूर गोवाभर फिरतोय. गोव्यात काही पिकत नाही, भाजी बेळगावची खातात, खाद्यउद्योग इथे उभा राहत नाही, संजीवनी साखर कारखानासुद्धा बंद पडला. तेव्हा पडीक शेतांचे प्लॉट पाडलेले बरे, असा त्याचा सूर.

भाजीपुरतं खरं आहे. बेळगावची गाडी अडली की इथल्या बाजारात भाव चढतात. पण काजूचं काय? सुमारे 55 हजार हेक्टर जमीन काजूखाली आहे. राज्याचं क्षेत्रफळच 3,702 चौरस किलोमीटर, म्हणजे जवळपास सातवा हिस्सा झाला!

उद्योग नाहीत म्हणणाऱ्यांनी फोंडा आणि डिचोलीतले नेस्लेचे कारखाने तरी आठवावेत. मला मात्र त्याहून जुना उद्योग महत्त्वाचा वाटतो. मार्च-एप्रिलात सत्तरी तालुक्यात जाऊन बघा. पिकून गळालेला बोंडू, म्हणजे काजूचं रसाळ फळ, वेचायचा, बी पिळून वेगळी काढायची, बोंडू तुडवून नीरो, म्हणजे रस, काढायचा, तो आंबवून भट्टीवर चढवायचा. पहिल्यांदा उतरते ती सौम्य दारू म्हणजे हुर्राक, तीच पुन्हा चढवली की फेणी. बोंडू फार टिकत नाही, लांब नेता येत नाही, म्हणून भट्टी बागेजवळच लागते. काजूफेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आणि बी? काजू कारखान्यांना स्थानिक बी पुरत नाही, बाहेरून आणावी लागते. मागणी आहे, माल कमी पडतो.

धारबांदोड्याचा संजीवनी साखर कारखाना थांबला तेव्हा ऊस शेतात उभा होता. तो खानापूरला पाठवावा लागला. यात जमिनीचा दोष कुठला?

राहिली पडीक शेतं. यातली कित्येक खाजनं आहेत, म्हणजे भरतीच्या पाण्यापासून बांध घालून राखलेली सखल शेतं. नदीकाठी बांध, बांधात मानस, म्हणजे पाणी अडवायची-सोडायची वाट. भरती आली की मानशीची दारं पाण्याच्या दाबानेच मिटतात, ओहोटीला उघडतात. त्या भरवशावर खारं पाणी सोसणारा कोरगुट जातीचा भात पिकायचा. बांध फुटला आणि वेळेवर बुजवला नाही, की खारं पाणी शेतात शिरतं, कूळ दुसरं काम शोधतं आणि शेत पडीक ठरतं. बांध दुरुस्त केला तर तिथे पुन्हा भात लावता येतो. भराव टाकून घरं बांधली की ते कायमचं गेलं, आणि भरतीचं पाणी शेजारच्या वाड्यात शिरणार ते वेगळंच.

भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्याला विकण्यावर 2023 च्या कायद्याने निर्बंध आहेत. प्लॉटचा सल्ला देणाऱ्याने तेवढं का लिहिलं नाही?