पाणी पिवळं झालं, पुढं काय?

आज सकाळी पाणी तपासणारे दादा गल्लीत आले. काचेच्या नळीत नळाचं पाणी घेतलं, ओटीचे, म्हणजे क्लोरीन ओळखणाऱ्या रसायनाचे, थेंब टाकले, पाणी पिवळं झालं. "क्लोरीन आहे ताई, बिनधास्त प्या." मी विचारलं, "आणि प्लॅस्टिकचं काय तपासता?" गप्पच झाले. त्यांचा काय दोष? त्यांच्या हातात बाटलीच ती एक दिलीय. पण माझं डोकं तेव्हापासून तापलंय.

कोल्हापूरचा 2021 चा महापूर आठवा. उपसा केंद्रं पाण्यात आणि आपण सगळे घागरी घेऊन टँकरमागं. आमच्या दारात टँकरला तो हिरवा मऊ पाइप लावलेला. आईनं कळशी भरली, ओंजळीत पाणी घेऊन हुंगलं आणि म्हणाली, "पाइपाचा वास मारतोय गं." तरी तेच प्यालो. दुसरं होतं काय?

आईला वास तरी आला. प्लॅस्टिक मऊ राहावं म्हणून त्यात थॅलेट्स घालतात, त्यांना वास नसल्यातच जमा. ते प्लॅस्टिकला घट्ट धरून नसतात, हळूहळू सुटतात, ऊन लागलं की जास्तच. शरीरातल्या हार्मोन्सच्या कामात ढवळाढवळ करणारी रसायनं ही! आईनं ते पाणी उकळून पुतण्याला दिलं. उकळून जंतू मरतात, थॅलेट्स कुठं जातात?

जंतू आधी तपासा, मान्य. 2012 ला इचलकरंजीत कावीळीनं काय केलं ते आपण पाहिलंय. पण म्हणून बाकीचं कधीच बघायचं नाही? जागतिक आरोग्य संघटनेनं डीईएचपी या थॅलेटला लिटरमागं 8 मायक्रोग्रॅमची मर्यादा सांगितलीय. कडक प्लॅस्टिक बनवायला वापरतात त्या बिस्फेनॉल ए ला युरोपनं 2020 मध्ये 2.5 मायक्रोग्रॅमची घातली. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस 10500 मध्ये, दोन्हींचं नाव नाही. बाळाच्या बाटलीत बिस्फेनॉल नको हे आपल्याच मानकानं 2015 ला ठरवलं, मग त्या बाटलीत ओतायच्या पाण्याचं कोण बघणार?

"जार मागवा की" म्हणणाऱ्यांनो, 20 लिटरचे कितीतरी जार पॉलिकार्बोनेटचेच असतात, म्हणजे बिस्फेनॉलपासूनच बनलेले. आणि ज्याला जार परवडत नाही त्यानं काय करायचं?

मला कुणाला घाबरवायचं नाही. पुईखडीच्या शुद्धीकरण केंद्राचं पाणी स्वच्छ निघालं तर माझ्याइतका आनंद कुणाला होणार नाही. थेट पाइपलाइनसाठी हे शहर किती वर्षं भांडलं! 50 किलोमीटरहून लांबून काळम्मावाडी धरणाचं पाणी आणता येतं, तर वर्षातून एकदा चार बाटल्या जीसी-एमएस (अशी रसायनं मोजणारं यंत्र) असलेल्या प्रयोगशाळेत पाठवता येत नाहीत? खर्च येतो, ठाऊक आहे. येऊ दे.

एक बाटली पुईखडीची, एक बालिंग्याच्या केंद्राची, एक पेठेतल्या शेवटच्या नळाची. चौथी टँकरच्या पाइपाच्या तोंडाची, तीही उन्हाळ्यातली. काचेच्याच बाटल्यांत घ्या, नाहीतर बाटलीचंच प्लॅस्टिक मोजत बसाल. आणि आकडे वॉर्ड ऑफिसच्या फळ्यावर लावा, कुणालाही वाचता येतील असे.

अर्ज मी लिहितेय. सोमवारी महापालिकेत द्यायला कोण कोण येतंय, खाली नाव टाका.