बारा वर्षांचा आकडा आणि कुंकळ्ळीचा उकाडा

ग्रुपाग्रुपांवर फिरणारा मेसेज असा: गोव्याची सिंगल माल्ट व्हिस्की ही मळीचीच दारू, बाटली तेवढी भारी. लेबलवर पिंपात मुरल्याच्या 12 वर्षांचा आकडा नसतो, म्हणजे माल कच्चा. आणि सिंगल माल्ट स्कॉटलंडबाहेर होतच नाही.

मळीचं आधी. आपल्याकडच्या स्वस्त व्हिस्कीत मळीचं स्पिरिट असतं, हे खरंच. पण कुंकळ्ळीला पॉल जॉनच्या डिस्टिलरीत सहा ओळींची भारतीय बार्ली तांब्याच्या पॉट स्टिलमधून, म्हणजे हंड्यासारख्या भट्टीतून, दोनदा गाळतात. ही व्हिस्की 2012 मध्ये बाजारात आली ती लंडनच्या. त्याआधी 2004 मध्ये बेंगळुरूच्या ‘अमृत’ व्हिस्कीने थेट स्कॉटलंडचं ग्लासगो गाठलं होतं. युरोपच्या नियमानुसार धान्यापासून न केलेली, किमान 3 वर्षं लाकडात न मुरलेली दारू ‘व्हिस्की’ म्हणून विकताच येत नाही. मळीची असती तर तिकडे हे लेबल लावूच दिलं नसतं.

आता वय. स्कॉटलंडच्या थंड गोदामात पिंपातली साधारण 2 टक्के दारू दरवर्षी उडून जाते, गोव्यात 8 टक्क्यांच्या आसपास. 200 लिटरचं पिंप घ्या आणि 12 वर्षांचा हिशेब मांडा: तिकडे 155 लिटरच्या वर उरते, इकडे 75 सुद्धा नाही. बेंगळुरूत घट याहून जास्त. शिवाय उकाड्यात लाकडाचा रंग, व्हॅनिला, तुरटपणा भराभर उतरतो. वेळेत काढली नाही तर तोंडात नुसतं लाकूड. म्हणून बऱ्याचदा 5-6 वर्षांतच बाटल्या भरतात. ‘अमृत’ने 8 वर्षांची काढली तिचं नावच ‘ग्रीडी एंजल्स’, म्हणजे उडून गेलेला वाटा पिणारे हावरट देवदूत! अर्थात ‘गोव्याचं एक वर्ष म्हणजे स्कॉटलंडची चार’ ही आपल्या भक्तांची फेकाफेकही तितकीच पोकळ. लाकूड लवकर उतरतं, पण मुरताना होणारे बाकीचे बदल त्याच पटीत होत नाहीत.

राहिलं स्कॉटलंड. कायद्यानं त्यांचं आहे ते ‘स्कॉच’ हे नाव. सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीत, फक्त माल्ट केलेल्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या, बार्लीची. मासाताका ताकेत्सुरू स्कॉटलंडमध्ये हे शिकून जपानला परतले. तिथल्या यामाझाकी डिस्टिलरीची सुरुवात 1923 ची.

पॉल जॉनच्या धुरकट व्हिस्कीसाठीचं पीट, म्हणजे बार्लीला धूर द्यायला जाळतात ती दलदलीतली माती, मात्र स्कॉटलंडहूनच येतं. मेसेजवाल्यानं तेवढंच लिहिलं असतं तर मी गप्प बसलो असतो.