जुना रिसीव्हर म्हणजे भंगार नव्हे!

घरी कुणीही आलं की नजर त्या काळ्या रिसीव्हरवर, म्हणजे टीव्हीचा आवाज स्पीकरना पुरवणाऱ्या डब्यावर, जाते आणि तेच पालुपद सुरू होतं: "अजून हाच? टाकून दे की, साउंडबार घे!" अरे, का टाकू? आवाजात काडीची कसर नाही. एचडीएमआयमध्ये एआरसी, म्हणजे त्याच केबलवरून टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे परत पाठवायची सोय, आली २००९ मध्ये, माझा रिसीव्हर त्याआधीचा. म्हणून काय निकामी झाला? ऑप्टिकल केबल जोडा, टीव्हीच्या सेटिंगमध्ये पीसीएमऐवजी बिटस्ट्रीम निवडा, डॉल्बी डिजिटल ५.१, म्हणजे पाच स्पीकर आणि एका सबवूफरचा चहूबाजूंचा आवाज, झकास वाजतं. अ‍ॅटमॉस, म्हणजे डोक्यावरूनही येणारा आवाज, मिळत नाही, मान्य. पण टिळकवाडीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत छताला स्पीकर कोण लावतंय?

आणि ते दुरुस्तीवाले! बेळगावच्या पावसाळ्यात भिंतींनाही ओल धरते. अशा दमट हवेत स्पीकर रिलेचे, म्हणजे आवाज स्पीकरला जोडणाऱ्या आतल्या स्विचचे, कॉन्टॅक्ट काळे पडतात, एका बाजूचा आवाज गायब होतो आणि व्हॉल्यूम जरा वाढवला की परत येतो. किती साधं लक्षण! तरी झाकणही न उघडता "आयसी गेलाय, पार्ट मिळत नाही" म्हणून मोकळे. अहो, रिले बदला, निदान साफ तरी करा! चार स्क्रू काढायचे कष्ट नकोत, आणि वर विचारतात, "एक्स्चेंजमध्ये देताय काय?"

नाही देत!