बेळगाव आणि आल्प्समधली खिंड

सीमाप्रश्नाचा विषय निघाला की इथल्या, इटलीतल्या, आपल्या मराठी मंडळींत कुणी तरी म्हणतंच, "युरोपनं सीमा पुसल्या, आपण अजून बेळगाववरून भांडतोय." असं म्हणणाऱ्यानं एकदा तुरिनहून गाडी काढून क्लाविएरेला जाऊन यावं.

हे इटलीच्या हद्दीतलं शेवटचं गाव. लगेच पुढे १,८५४ मीटरवरची मोंजनेव्र खिंड आणि त्याच नावाचं फ्रेंच गाव. हिवाळ्यात एकाच स्की-पासवर स्कीवाले इकडून तिकडे घसरत जातात, त्यांना कुणी हटकत नाही. तीच खिंड अफगाणी आणि आफ्रिकी पोरं मात्र रात्री, बर्फातून, पोलिसांना चुकवत ओलांडतात. फ्रान्सनं २०१५ साली सीमेवरची तपासणी पुन्हा सुरू केली, तेव्हापासून ही चुकवाचुकवी. त्यात जीवही गेलेत. सीमा पुसली ती कुणासाठी, ते बघा.

आणि ही सीमा काही सामोपचारानं आखलेली नव्हे. १३४३च्या स्वायत्ततेच्या सनदेनं खिंडीच्या दोन्ही अंगांची खोरी एकत्र कारभार करत होती. १७१३च्या उत्रेख्त तहात राजांनी पाणी दोन्हीकडे वाटलं जातं त्या डोंगरधारेवर रेघ मारली आणि उल्क्सचं खोरं सव्हॉय घराण्याकडे, म्हणजे आजच्या इटलीच्या बाजूला गेलं. पुढे मुसोलिनीच्या राजवटीत उल्क्सचं नावच बदलून उल्त्सिओ केलं. इटलीनं खिंडीवरच्या शाबेर्तों शिखरावर, ३,१३१ मीटरवर, आठ तोफांचा किल्ला बांधला होता. फ्रेंचांनी जून १९४०मध्ये तो निकामी केला आणि १९४७च्या तहात शिखरच घेतलं. त्या तहाची नवी रेघ तेव्हा थेट क्लाविएरेमधून गेली.

इथून शिकायचंच असेल तर वेगळंच काही आहे. इटलीच्या ओस्ता खोऱ्यात १९४८पासून फ्रेंचला इटालियनच्या बरोबरीचा दर्जा आहे. १९९९च्या ४८२ क्रमांकाच्या कायद्यानं फ्रेंच, ऑक्सितान अशा भाषांना देशभर संरक्षण दिलं. खोरी आहेत तिथेच राहिली, रोम काही कोसळलं नाही.

बेळगावचा दावा २००४पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो लागेल तेव्हा लागेल. पण एखाद्या भाषेचे किमान १५ टक्के लोक असतील तिथे महत्त्वाच्या नोटिसा त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे केंद्राचं जुनं धोरण आहे. मराठीतली परिपत्रकं आणि उतारे द्यायला कर्नाटकला निकालाची वाट बघायची गरज नाही. जत-अक्कलकोटच्या कानडी लोकांच्या बाबतीत महाराष्ट्रालाही नाही, पण ते आपल्या सभांमध्ये कुणी बोलत नाही.