माय कुणाची?

वीसपैकी अकरा. आकडा लाल शाईत, वर त्याला वर्तुळ, म्हणजे चुकूनसुद्धा नजर दुसरीकडे जायला नको. सत्तेचाळिसाव्या वर्षी आपल्या पायांनी इंग्रजी व्याकरणाच्या वर्गाला जाणाऱ्या बाईला एवढी शिक्षा पुरे होती. पण कागद हातात देताना सरांनी मान तिरकी करून, अगदी मायेनं म्हटलं, "काकू, बेसिकच कच्चं आहे हो."

सर चोवीस वर्षांचे. काकू मी.

चाचणी होती अधोरेखित शब्दाची जात ओळखायची. गेलेल्या नऊ मार्कांपैकी आठांबद्दल माझी तक्रार नाही. ‘शी रन्स फास्ट’मधल्या फास्टला मी विशेषण ठरवलं. ती धावते कशी हे तो शब्द सांगतोय, म्हणजे ते क्रियाविशेषण, हे जिना उतरताना कळलं. ‘वेल, आय डोंट नो’मधल्या वेलचा अर्थ मी ‘चांगलं’ असा घेतला. मला माहीत नाही यात चांगलं काय, हा प्रश्न तेव्हा पडला नाही. जाऊ दे. नववा मात्र अजून रुतून बसलाय. ‘धिस इज माय बॅग.’ अधोरेखित शब्द माय. मी लिहिलं, प्रोनाउन. त्यावर फुली, आणि शेजारी सरांच्या वळणदार अक्षरात ‘ॲडजेक्टिव्ह!’ उद्गारचिन्हासकट.

मागच्याच आठवड्यात याच सरांनी फळ्यावर तक्ता काढला होता. वर मथळा ‘प्रोनाउन्स’ आणि खाली ओळीनं आय, मी, माय, माइन. (यातला मी त्यांचा, आपला नव्हे.) मी तो वहीत पट्टीनं चौकट आखून उतरवलाय. वही पुढं केली तर सर म्हणाले, "हो, पण ते तिथं." म्हणजे तक्त्यात असली तर माय सर्वनामांच्या घरची, वाक्यात आली की विशेषणांकडे नांदायला. फोनमधल्या ॲपला विचारलं, तर त्यानं तिसरंच स्थळ काढलं, डिटर्मिनर, म्हणजे नामाआधी येऊन ते कुठलं हे ठरवणारा शब्द. आपल्या व्याकरणानं निदान तोडगा तरी काढलाय. ‘माझी पिशवी’तल्या माझीला सार्वनामिक विशेषण म्हणायचं. माहेरचं आणि सासरचं, दोन्ही आडनावं लावली की भांडण मिटलं.

पण खरा वार पुढंच होता. माझ्या बाकावर बसणाऱ्या काकांना एकोणीस.

हे काका निवृत्त आहेत, एवढं ते दर दहा मिनिटांनी सांगतात. वर्गात डुलक्या काढतात. वही आणत नाहीत. मी त्यांचा कागद ओढून घेऊन पाहिला. माय : ॲडजेक्टिव्ह, बरोबर. आमच्यातली बोलणी मी शक्य तितकी जशीच्या तशी देते.

"काका, हे तुम्हाला आलं कसं?"

"ताई, शब्द वाचायचाच नाही. शेपूट बघायचं."

"शेपूट?"

"शेवटी एल-वाय दिसलं की ॲडव्हर्ब. एन-ई-डबल एस दिसलं की नाउन. एफ-यू-एल, ॲडजेक्टिव्ह. अर्थबिर्थ बघत बसलात की फसलात."

"आणि मायला कुठलं शेपूट?"

"ज्याला शेपूट नाही त्याला शेजाऱ्याचं उत्तर." ते माझ्याकडे बघून हसले. "पण तुमचं बघितलं नाही. पुढच्या मुलीचं बघितलं."

हा अपमान मी गिळला. पण एल-वायवर त्यांना धरायचंच असं ठरवलं.

"मग फॅमिली? त्याच्याही शेवटी एल-वाय आहे."

"ॲडव्हर्ब."

"अहो, फॅमिली नाम आहे!"

"ताई, ॲडव्हर्ब काय सांगतो? कसं, कुठं, केव्हा. सरांनीच सांगितलंय. आता मी कुठं जायचं, केव्हा यायचं, कसं वागायचं, हे कोण ठरवतं?"

मी गप्प. मग स्पेलिंग आठवत आठवत दुसरा खडा टाकला. "जुलै?"

त्यांनी हवेत बोटानं अक्षरं लिहिली. जे, यू, एल, वाय. चेहरा उजळला. "केव्हा? जुलैत! बघा, बसलं."

"फ्लाय म्हणजे माशी?"

"कशी जाते? उडत."

"स्पूनफुल! चमचाभर! हे तर नाम आहे ना? शेवटी एफ-यू-एल आहे."

"कसा चमचा?" काकांनी शांतपणे विचारलं. "भरलेला. ॲडजेक्टिव्ह."

या माणसाला हरवता येत नाही. त्याच्याकडे चुकीचा नियम आहे आणि बरोबर मार्क आहेत. माझ्याकडे चौकट आखलेली वही आहे.

त्या रात्री झोप येईना तेव्हा हे कुणी सुरू केलं ते शोधत बसले. ग्रीक वैयाकरण डायोनिशियस थ्रॅक्स, इसवी सनापूर्वीचं दुसरं शतक. त्याच्या नावावरच्या व्याकरणात शब्दांच्या जाती आठ. त्यांत विशेषण नाहीच, ते नामातच धरलेलं. मग हीच वाटणी लॅटिनला लावायची ठरली. पण लॅटिनमध्ये आर्टिकलच (इंग्रजीतल्या अ, ॲन, दसारखा शब्द) नाही, त्यामुळे एक जागा रिकामी राहिली. रोमन पंडितांनी काय करावं? सात म्हणून मोकळं व्हावं की नाही? त्यांनी उद्गारवाचकाला आत घेतलं आणि आठचा आकडा राखला. ज्या उद्गारवाचक ‘वेल’नं माझा मार्क खाल्ला, त्याची अख्खी जात भरतीची! पुढं 1586 मध्ये विल्यम बुलोकरनं पहिलं छापील इंग्रजी व्याकरण काढलं, तेही लॅटिनच्याच मापानं बेतलेलं. 1762 मध्ये बिशप रॉबर्ट लाउथनं जाती नऊ मोजल्या, त्यांत आर्टिकलला वेगळं घर. आपल्याकडे निरुक्त लिहिणाऱ्या यास्कानं नाम, आख्यात (म्हणजे क्रियापद), उपसर्ग आणि निपात (म्हणजे अव्ययं) अशा चारांत सगळा संसार उरकला होता, आणि पाणिनीला तर पदं दोनच प्रकारची पुरली, सुबन्त (विभक्तीचे प्रत्यय लागणारी) आणि तिङन्त (क्रियापदाचे प्रत्यय लागणारी). म्हणजे दोन, चार, आठ, नऊ. ज्या मोजणीवर या थोरांचं एकमत होत नाही, तिच्यात मी एका ठिकाणी चुकले तर बेसिक कच्चं?

बरं, शाळेत आपण ‘शब्दांच्या जाती’ असं घोकतो, तिथंच गोम आहे. जात म्हटली की वाटतं, जन्माला चिकटली. इंग्रजी शब्दाचं तसं नाही. राउंड घ्या. गोल टेबल म्हणताना तो विशेषण, मुष्टियुद्धाची फेरी म्हणताना नाम, टोकाला वळसा घालताना क्रियापद, मागं वळून बघताना क्रियाविशेषण आणि कोपऱ्याच्या पलीकडे जाताना प्रीपोझिशन. एकच शब्द, पाच उद्योग. जे काम पडेल ती जात. पण हे पहिल्या दिवशी कुणी सांगत नाही. पहिल्या दिवशी सांगतात, नाउन म्हणजे व्यक्ती, वस्तू किंवा ठिकाणाचं नाव. मग ‘स्विमिंग इज फन’मधलं स्विमिंग यातलं नेमकं कोण? वस्तू की ठिकाण? विचारलं होतं मी. "ते पुढच्या लेव्हलला," सर म्हणाले. माझ्या शंका कायम पुढच्या लेव्हलच्या असतात आणि मार्क याच लेव्हलला कापले जातात. चाळिशी ओलांडलेल्या माणसानं शंका विचारली की शिकवणाऱ्याच्या चेहऱ्यावर जी सोशिक दया उमटते ना, तिला कुठल्या जातीत घालायचं तेही एकदा सांगा.

काल पुढची चाचणी झाली. ‘धिस बॅग इज माइन.’ तीच बॅग! यावेळी मी तयार होते. माय ॲडजेक्टिव्ह, तर माइन तिची सख्खी बहीण. ठसठशीत अक्षरात लिहिलं, ॲडजेक्टिव्ह.

फुली. शेजारी ‘प्रोनाउन!’

काकांनी लिहिलं होतं नाउन. त्यांनाही फुली, म्हणून जरा गार वाटलं. पण काका उठून थेट टेबलापाशी गेले. "सर, माइन म्हणजे खाण ना? खाण नाम नाही का?"

सर थबकले. "पण काका, ही बॅग म्हणजे खाण, असं कसं होईल?"

"आमच्या हिची पर्स बघितली नाहीत तुम्ही."

सगळा वर्ग हसला. सरही हसले, आणि पेनचं टोपण काढून काकांना अर्धा मार्क दिला. मीही वही घेऊन उठले होते, तक्त्याचं पान उघडून.

"काकू, वेळ झाली," सर म्हणाले. "तुमचं पुढच्या वेळी बघू."